कोरड्या दिवसांतलं नळदुर्ग

नळदुर्गला लोक जातात ते पावसाळ्यात. बोरी नदी भरून आली की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळायला लागतात, त्यांचे व्हिडिओ मोबाइलवरून फिरतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही गेलो ते ऐन चैत्रात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, आणि मुद्दाम गेलो. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. पाणी वाहत असताना बंधारा दिसतच नाही, नुसतं पाणी दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आईने आधी आम्हा दोघांना वेड्यात काढलं आणि मग पिशवीत कैरीच्या पन्ह्याची बाटली घालून दिली. सकाळी आणि संध्याकाळी फिरायचं, दुपार सावलीत काढायची, एवढ्या एका अटीवर आम्ही निघालो.

शुक्रवार

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सोलापूर आणि तिथून उमरग्याकडे जाणारी एसटी. हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग तासाभरावर आहे, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. जिल्हा धाराशिव, तालुका तुळजापूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणी झालेली ज्वारीची रानं, कडब्याच्या गंजी आणि नांगरून उन्हात तापत ठेवलेली काळी जमीन. सावली फक्त लिंबाच्या झाडांखाली आणि प्रत्येक झाडाखाली कुणी ना कुणी बसलेलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि खिडकीच्या लोखंडी दांड्यावर हात ठेववत नव्हता.

लॉज साधं होतं, पंखा जोरात फिरत होता, एवढं पुरेसं होतं. जेवलो आणि पाच वाजेपर्यंत झोपून काढलं. अशा ठिकाणी दुपारी बाहेर पडण्यात काही शौर्य नाही. गावसुद्धा त्या वेळी अर्धी शटरं ओढून घेतं.

संध्याकाळी किल्ल्यात न शिरता बाहेरूनच चालत गेलो. आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे डोंगर. इथे डोंगर नाही. सपाट माळाची एक जीभ बोरीच्या दरीत पुढे आली आहे, तिच्या तीन बाजूंना काळ्या पाषाणाचे उभे कडे आहेत आणि त्या कड्यांच्या माथ्यावरून तटबंदी फिरवली आहे. चौथ्या बाजूला, जिथे ही जीभ माळाला जोडलेली आहे, तिथे निसर्गाची मदत संपते. म्हणून तिथे सगळ्यात भक्कम बुरूज आहेत, मुख्य तटाखाली आणखी एक खालचा तट आहे आणि त्यापुढे रुंद, कोरडा खंदक. तो खंदक बराचसा अखंड खडकात खोदलेला आहे. कठड्याशी उभं राहून खाली बघितलं की छिन्नीने सोललेली खडकाची भिंत सरळ खाली जाताना दिसते. शंभराहून अधिक बुरूज आहेत किल्ल्याला. एवढा खटाटोप कशासाठी, ते नकाशा बघितला की कळतं. हा विजापूरकरांचा सीमेवरचा किल्ला. एका बाजूला अहमदनगरची निजामशाही, दुसऱ्या बाजूला गोवळकोंड्याची कुतुबशाही. या दोघांनी मिळून एकदा नळदुर्गला वेढा घातला, तरी किल्ला त्यांच्या हाती लागला नाही.

गावकऱ्यांना विचारलं तर किल्ला नळराजाचा, नळ-दमयंतीतल्या त्या नळाचा. कागदोपत्री सांगितलं जातं ते असं की कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून इथे गढी-किल्ला असावा. मग बहमनी, मग आदिलशाही, विजापूर पडल्यावर मोगल आणि त्यानंतर हैदराबादचे निजाम. 1853 मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांना तोडून दिला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी इथे कारभारी म्हणून येऊन राहिला. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्याचं नाव अनेकांना माहीत असेल. आपल्या आत्मचरित्रात त्याने या किल्ल्याचं फार आपुलकीने वर्णन केलं आहे. 1860 मध्ये मुलूख परत निजामाकडे गेला. नळदुर्ग हे एके काळी जिल्ह्याचं ठिकाण होतं, हे आज बसस्थानकाशी उभं राहून कुणाला खरं वाटणार नाही.

रात्री एका घरगुती खानावळीत जेवलो. चालवणाऱ्या मावशींनी आल्या आल्या दोन तांबे पाणी पुढ्यात ठेवलं आणि ते पिऊन होईपर्यंत ताट वाढलंच नाही. "आधी पाणी प्या, मग भाकरी. उनातनं आलाव." धपाटे, घट्ट दही, येसराची आमटी, कांदा. येसर म्हणजे धान्य-डाळी आणि मसाला भाजून केलेलं पीठ; त्याची आमटी दिसते साधी आणि खाताना घसा पेटवते. उन्हाळ्यात इतकं तिखट कसं खाता, असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "घाम आला की गार वाटतंय." बाबांनी दुसरी वाटी मागितली.

राहण्याबद्दल थोडं इथेच सांगते. नळदुर्गात राहण्याचे पर्याय मोजके आहेत. जास्त सोयी हव्या असतील तर तुळजापूर किंवा सोलापूर गाठावं. पण उन्हाळ्यात किल्ला नीट बघायचा असेल तर गावातच मुक्काम हवा. सकाळचे पहिले दोन तास प्रवासात घालवले तर हाती फारसं काही उरत नाही. आणि महामार्गावरून जाणारी प्रत्येक बस गावात शिरेलच असं धरून चालू नका, चढताना वाहकाला विचारून घ्या.

शनिवार

दार उघडलं तेव्हा आम्ही हजर होतो. तिकीट घेतलं आणि वळणावळणाच्या प्रवेशमार्गाने आत शिरलो. हे वळण मुद्दाम दिलेलं असतं. शत्रूला किंवा हत्तीला सरळ धाव घेऊन दारावर आदळता येऊ नये आणि वळताना वरून मारा करता यावा, म्हणून. आत आल्यावर मात्र किल्ल्याचा आवाका अंगावर येतो. ओसाड नाही, उलट झाडं लावली आहेत, वाटा झाडलेल्या आहेत. पण मधली मैदानं इतकी मोठी आहेत की या टोकाचा माणूस त्या टोकाला ठिपका दिसतो. बारादरी, अंबरखाना, मशीद, पडक्या वाड्यांची जोती, सगळं बघत बघत आम्ही नवबुरुजाकडे गेलो. नऊ अर्धगोल पाकळ्या एकमेकींना चिकटवून हा बुरूज उभा केला आहे. तोफेचा गोळा सपाट भिंतीवर जसा बसतो तसा गोलाईवर बसत नाही, घसरतो, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. पण नुसतं तेवढंच असतं तर एक गोल पुरला असता. नऊ पाकळ्यांत हौससुद्धा आहे.

साडेनऊला ऊन बोचायला लागलं आणि आम्ही बंधाऱ्याकडे वळलो. खरं तर इथूनच आमची सहल सुरू झाली.

बोरी नदीवर किल्ल्याच्या कड्यापासून समोरच्या टेकडीपर्यंत दगडी बंधारा घातला आहे. समोरच्या टेकडीवर वेगळी तटबंदी आहे, तिला रणमंडळ म्हणतात. म्हणजे बंधारा हाच दोन किल्ल्यांना जोडणारा रस्ता. तोच पाणी अडवतो, त्या पाण्याने किल्ल्याचा कडा आणखी अवघड होतो आणि वर्षभराचं पाणीही मिळतं. एका बांधकामाकडून इतकी कामं करून घेतली आहेत आणि एवढ्यावर समाधान नाही म्हणून त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बसवला आहे. हाच पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला.

बंधाऱ्याच्या माथ्यावरून एक जिना खाली उतरतो. वर डोळे उघडत नव्हते इतकं पांढरं ऊन होतं. पहिल्या काही पायऱ्या उतरल्यावर अंधारी आली, डोळे सरावायला वेळ लागला, आणि मग जाणवलं की मानेवरचा घाम गार पडतोय. आणखी खाली गेल्यावर भिंतीला हात लावला तर दगड गार. बाहेर चपलेच्या तळव्यातून चटका बसत होता आणि इथे तळहात भिंतीवरून काढावासा वाटेना. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी भिंतीच्या सांध्यात भरलेल्या चुन्यावरून नख फिरवलं, मग अंगठा दाबून बघितला. चुना जराही सुटला नाही. दोन दगडांच्या मधली ती फट जेमतेम नखाएवढी होती.

खाली महालात कमानी आहेत, नक्षी आहे आणि सज्जा उघडतो तो नदीच्या उताराकडे. पावसाळ्यात इथे उभं राहिलं की डोळ्यांसमोरून धबधबा कोसळतो आणि आत थेंब येत नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते कसं होतं, हे आम्हाला कोरड्यात दिसलं. बंधाऱ्याच्या माथ्यावर जादा पाणी जाण्यासाठी दोन सांडवे ठेवले आहेत, तेच नर आणि मादी. पाणी त्या ठरलेल्या वाटेनेच बाहेर पडतं आणि भिंतीपासून सुटून पुढे पडतं. त्याच्या वाटेवरचा दगड गुळगुळीत झाला आहे आणि त्यावर वाळलेल्या शेवाळाचा काळा पट्टा आहे. पट्ट्याच्या बाहेरचा दगड मात्र खरबरीत, टाकीचे घाव अजून ओळखू येणारा.

"असला बंधारा स्वतःच्या वजनावर उभा असतो," बाबा म्हणाले. "पाणी ढकलतं, तो नुसता जड होऊन बसतो. त्यासाठी तो जाड लागतो. आता इतका जाड केलाच आहे तर मधला थोडा भाग पोकळ ठेवला म्हणून काय बिघडलं? पण किती आणि कुठे पोकळ ठेवायचा, हे कळायला डोकं लागतं." गारव्याचं कारणही त्यातच आहे. एका अंगाला साठलेलं पाणी आणि चहूबाजूंनी इतका दगड की दिवसभराचं ऊन आतपर्यंत पोचेस्तोवर रात्र होते. महालात फारसी शिलालेख आहे. हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधार येईल, असा त्याचा आशय सांगतात.

जिन्याच्या वळणावर किल्ल्यात बागकाम करणाऱ्या दोन ताई डबा सोडून बसल्या होत्या. आम्ही वाट वाकडी करून जायला लागलो तर त्यांनी बसवूनच घेतलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. भाकरीचा पापडासारखा आवाज त्या दगडी पोकळीत केवढा तरी मोठा झाला. "पावसाळ्यात हितं पब्लिक लई. आमाला उभं राहू देत न्हाईत," त्यांतल्या थोरल्या ताई म्हणाल्या. "आता बगा, सगळा म्हाल आपलाच." मग धाकटीने विचारलं, "पाणी न्हाई, काय न्हाई, तुमी काय बगायलाव?" बाबांनी त्यांना सांडवा दाखवला, पाणी कुठून येतं, कुठे सुटतं, महाल का भिजत नाही ते सांगितलं. पाच-सहा वर्षं रोज तिथे येणारी ती बाई भाकरी हातात तशीच धरून सज्जापर्यंत आली आणि वाकून बघून म्हणाली, "म्हंजी येड्या मानसाचं काम न्हवं हे." आम्ही दुपारचे दोन तास तिथेच काढले. आईचं पन्हंही तिथेच संपलं, चौघांत.

आत जाताना टॉर्च ठेवा, मोबाइलचा चालतो. वटवाघळं आहेत, त्यांचा वास येतो, त्याची तयारी असावी. पायऱ्या झिजलेल्या आहेत, म्हणून चपलेपेक्षा बूट बरे. पाणी आपलं आपण न्यावं, माणशी दोन लिटरपेक्षा कमी नको. डोक्याला टोपीपेक्षा ओला पंचा कितीतरी चांगला.

संध्याकाळी पुन्हा आलो ते उपळी बुरुजासाठी. किल्ल्याच्या आतल्या भागात हा टेहळणीचा उंच बुरूज आहे. वर जायला भरपूर पायऱ्या. माथ्यावर दोन लांबलचक तोफा पडल्या आहेत, एक हत्ती तोफ आणि एक मगर तोफ. इथून चारी दिशांचा माळ दिसतो, आणि दरीच्या तीन बाजू व चौथ्या बाजूचा खंदक ही किल्ल्याची सगळी मांडणी एका नजरेत समजते. काल खालून जे तुकड्यातुकड्यांत बघितलं होतं ते इथे जुळलं. वेळ कमी असेल तर हा बुरूज आधी चढा आणि मग बाकीचा किल्ला बघा, असं मी सांगेन.

आम्ही वर असतानाच पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. दहा मिनिटांत वारा सुटला, माळावरची सगळी धूळ उठली आणि खालून रखवालदारकाकांच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. "उतरा, उतरा! ईज पडंल!" उघड्यावरचा सगळ्यात उंच बुरूज आणि बाजूला एवढं धातू. आम्ही भराभर उतरलो. दरवाजाच्या कमानीखाली पोचेपर्यंत टपोरे थेंब आणि मग गारा. क्रिकेट खेळणारी गावातली पोरं, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, काका आणि आम्ही असे सगळे एका पहारेकऱ्याच्या देवडीत दाटीवाटीने उभे. पोरं गारा वेचून तोंडात टाकत होती. काका मात्र गप्प झाले होते. "आंबा गेला बगा," एवढंच म्हणाले. त्यांच्या भावाची बाग होती जवळच. वळवाने आम्हाला सुखावलं त्याच वेळी कुणाचा तरी हंगाम झोडपला जात होता, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आमच्यातल्या कुणीच पुढे पावसाचं कौतुक केलं नाही.

चैत्र-वैशाखात इकडे संध्याकाळी असा पाऊस अधूनमधून येतो. आभाळ काळवंडताना दिसलं की बुरूज आणि तट सोडायचे, फोटोचा मोह धरायचा नाही.

रविवार

सकाळी हवा धुऊन निघाली होती. आधी मैलारपूरला खंडोबाच्या देवळात गेलो. या खंडोबाची रीत ऐकण्यासारखी आहे. देवाची मूर्ती वर्षातले बरेचसे महिने शेजारच्या अणदूरला असते आणि उरलेला काळ इथे. दोन्ही गावांचे मानकरी मिळून देवाला नेतात-आणतात. पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा देव अणदूरला होता, तरी दर्शनाला आलेल्या एका आजोबांनी आमच्या कपाळाला भंडारा लावलाच. "देव गावाला गेलाय म्हनून घर बंद ऱ्हातंय व्हय?"

त्याच आजोबांनी आम्हाला बोरीच्या पुलाकडे जायला सांगितलं. किल्ला बघायला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे फिरकतात. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हा मुख्य तुकडी सोलापूरहून याच रस्त्याने आली आणि पहिली चकमक झाली ती नळदुर्गला. नदीवरचा पूल उडवला गेला असता तर सगळी मोहीम इथेच खोळंबली असती. तो शाबूत ताब्यात आला. त्या दिवशीच्या लढाईत शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग यांच्या मांडीत मशीनगनच्या गोळ्या घुसल्या. तशाही अवस्थेत सरपटत पुढे जाऊन त्यांनी ग्रेनेड टाकले आणि ती मशीनगन बंद पाडली. मागे जायला नकार दिला आणि तिथेच प्राण सोडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, आणि या सन्मानाच्या पहिल्या मानकऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

आजोबा म्हणाले, त्यांची आई रझाकारांच्या भीतीने अंगावरच्या लुगड्यानिशी सोलापूरच्या हद्दीत निघून गेली होती. फौज नळदुर्गच्या पुढे सरकल्याचं कानावर आलं आणि मगच ती परतली. "घरी आली तर चूल तशीच. राखेत मांजर व्यालेली." मराठवाड्यात अजून हे सांगणारी माणसं आहेत, पण फार दिवस नसतील. किल्ल्यावर आदिलशाहीची माहिती मिळते. 1948 ची कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. जाल तेव्हा जरूर विचारा.

दुपारच्या आत सोलापूरची बस धरली. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली. ती चटणी कुटलेली घ्या. मिक्सरमधून काढलेलीला तेल सुटत नाही. बाबांनी गाडीत वहीच्या मागच्या पानावर बंधाऱ्याचा उभा छेद काढला, महाल, जिना, सांडवे सगळं दाखवलं आणि एका ठिकाणी प्रश्नचिन्ह करून ठेवलं. महालात खेळती हवा येते ती नेमकी कुठल्या झरोक्यातून, हे त्यांना नक्की करता आलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी कोरड्या दिवसांत गेलात तर सज्जाकडे पाठ करून जिन्याच्या तोंडाशी उदबत्ती लावून उभे राहा, धूर कुठल्या बाजूला वळतो ते बघा आणि मला कळवा.